कप्तानाच्या नावावर साडेदहा लाख

१

दीपमाला तायडेच्या नावावर साडेदहा लाख रुपये निघाले, आणि त्यातले तिला ठाऊक होते फक्त दीड लाख.

शनिवारची दुपार होती. जळगावच्या त्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये, पुनम मॅडम खेळाडूंचा वर्ग घेत होत्या. मॅडम कॉमर्सच्या. धुळ्याच्या ‘सुसाट’ बूट कंपनीने कॉलेजच्या कबड्डी संघातल्या मुलींना जाहिरातीत घेतलं, मैदानात उतरणाऱ्या सातही जणींशी दीड-दीड लाखाचा करार केला, तेव्हा मॅडमनी प्राचार्यांच्या मागे लागून हा वर्ग सुरू करून घेतला. पैसा आला की त्याच्या मागून टॅक्सवाले येतात, हे पोरींना कोणी तरी सांगायला हवं होतं. घरी पेढे वाटून झाले होते, टॅक्सचं नाव कोणी काढलं नव्हतं.

“आज प्रत्येकीने इन्कम टॅक्सच्या साइटवर जायचं,” मॅडम म्हणाल्या. “आपला पॅन नंबर टाकायचा. वर्षभरात आपल्याला कोणी किती पैसे दिले, सरकारला सगळं दिसतं. सरकारला दिसतं ते तुम्हालाही दिसलं पाहिजे.”

सहा जणींच्या सहा तऱ्हा. एकीचं कार्ड घरी राहिलं होतं, एकीला पासवर्ड आठवेना, भाविकाच्या मोबाइलला रेंज नव्हती. उपकप्तान डिंपल म्हणाली, “मॅडम, आधी दीपीचं बघू या ना, मग आमचं.” मॅडमना हसू आलं. परीक्षेला सुद्धा या पोरी कप्तानाला पुढे करतील, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

दीपमालाने नंबर टाकला, पान उघडलं, आणि ती बघतच राहिली.

“मॅडम, हे माझं नाही.”

मॅडमनी वाकून पाहिलं. एकदा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. दहा लाख पन्नास हजार. देणार, धुळ्याची तीच बूट कंपनी.  वीस वर्षं त्या मुलांना हिशेब शिकवत आल्या होत्या, पण एका विद्यार्थिनीच्या नावावर तिच्या नकळत नऊ लाख चढलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

आणि मुलगी तरी कोण? दीपमालाचे वडील पितांबर तायडे बोदवडला धान्याच्या गोदामात हमाली करत. ती शिकत होती सरकारी शिष्यवृत्तीवर आणि राहत होती हॉस्टेलवर. शिष्यवृत्तीला घरचं सगळं उत्पन्न मिळून अडीच लाखांच्या आत लागतं. वडिलांचे बहात्तर हजार आणि तिचे जाहिरातीचे दीड लाख, एवढं बसत होतं. साडेदहा लाख कुठे बसणार? अर्जाची शेवटची तारीख होती येत्या शुक्रवारी. खरं विवरण जोडावं तर शिष्यवृत्ती गेली, लपवावं तर खोटं लिहून दिल्याचा गुन्हा. शिष्यवृत्ती गेली की हॉस्टेल गेलं, हॉस्टेल गेलं की कॉलेज गेलं, आणि कॉलेजबरोबर कबड्डीही गेली.

“मॅडम, बाबांना काय सांगू मी?” दीपमालाने विचारलं.

“आत्ता काहीच सांगू नकोस.” मॅडमनी त्या आकड्यावर क्लिक केलं. त्याच्या पोटातला तपशील उघडला. एकाच तारखेच्या, एकसारख्या नोंदी होत्या. दीड लाख, दीड लाख, दीड लाख.

मॅडमनी बोट ठेवून त्या मोजल्या. बरोबर सात होत्या.

२

सोमवारी सकाळच्या एसटीने पुनम मॅडम धुळ्याला पोचल्या. कंपनीचा हिशेब बघणारा तेजस नावाचा तरुण होता. त्याने आधी चहा सांगितला, मग स्वतःचंच समर्थन सुरू केलं.

“पैसे गेलेत ना मॅडम सगळ्यांना. सात जणी, सात बँक खाती. प्रत्येकीला एक लाख पस्तीस हजार, दहा टक्के टॅक्स कापून. एक रुपया इकडचा तिकडे नाही.”

त्याने बँकेचे कागद पुढे ठेवले. खरंच, सातही जणींचे पैसे सात खात्यांत पोचले होते. मॅडम चक्रावल्या. त्या चोर पकडायला आल्या होत्या, आणि इथे चोरीच झालेली नव्हती. पैसे ज्याचे त्याला मिळाले होते, मग सातही जणींचं उत्पन्न एकट्या दीपमालाच्या डोक्यावर बसलं कसं?

“फॉर्म दाखव,” त्या म्हणाल्या.

तेजसने सात फॉर्म काढले. नावं सात, सह्या सात, पत्ते सात. पॅन नंबरच्या चौकटीत मात्र सातही ठिकाणी एकच नंबर होता, दीपमालाचा.

“अरे, सात मुलींचा एकच नंबर? तुझे डोळे काय कपाटात ठेवले होते?”

तेजस कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “मार्चएंडची गर्दी होती मॅडम. गठ्ठा आला, टाइप करत गेलो. नंबर खरा असला की कॉम्प्युटर घेतो. मला वाटलं...” त्याला काय वाटलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“गठ्ठा कोणी आणून दिला?”

“तुमच्या हिलाल सरांनी. स्वतः.”

हिलाल सर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. मागच्याच महिन्यात सरांनी नवी मोटारसायकल घेतली होती.

फॉर्मच्या खाली छापलं होतं: पॅन नसल्यास वीस टक्के कपात. प्रत्येक फॉर्मला पॅन कार्डाची झेरॉक्स टाचलेली होती. दीपमालाच्या स्वतःच्या फॉर्मवरच्या झेरॉक्सवर तिच्या अक्षरात आडवं लिहिलेलं होतं, ‘फक्त सुसाट कंपनीच्या करारासाठी.’ वर्गात मॅडमनीच शिकवलं होतं, कुठेही झेरॉक्स दिली तर तिच्यावर कारण लिहायचं, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नाही. पोरीने ऐकलं होतं.

बाकीच्या सहा झेरॉक्स मॅडमनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या. तिथेही कार्ड तेच होतं, पण त्यावर कारण लिहिलेलं नव्हतं. कार्डाच्या मधोमध एक पांढरी पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरात एक तारीख तेवढी उरलेली होती, १२ जानेवारी.

 मूळ झेरॉक्सवरचं कारण कोणी तरी कागदाने झाकून पुन्हा झेरॉक्स काढली होती. चुकून नंबर लिहिला जातो, पण चुकून ओळ कोणी झाकत नाही.

३

“बारा जानेवारीला कुठे होतात तुम्ही?” त्याच संध्याकाळी मॅडमनी दीपमालाला विचारलं.

“एरंडोलला, मॅडम. स्पर्धा होती. माझं आधार हॉस्टेलवर राहिलं, म्हणून ओळखपत्र म्हणून पॅनची झेरॉक्स दिली. नावनोंदणीच्या टेबलावर कप्तानाचं एक कार्ड दिलं की सगळा संघ आत घेतात.”

“कारण लिहिलं होतंस?”

“हो. ‘फक्त एरंडोल स्पर्धेसाठी’, आणि खाली तारीख. स्पर्धा संपल्यावर झेरॉक्स परत मिळाली.”

“परत कोणाकडे?”

दीपमालाने डोकं खाजवलं. ती अंतिम सामन्यात खेळत होती. झेरॉक्स कोणी घेतली, तिने पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मॅडम कॉलेजसमोरच्या सुकदेवच्या दुकानात शिरल्या. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं एका खोलीत. सुकदेवच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याच्या कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या कॉलेजची कागदपत्रं होती. आधी संशय घ्यायचा तर त्याचाच घ्यायला हवा.

“दीपमालाचं पॅन? मीच काढून दिलं ना, मॅडम! तिचा बाप स्वतः घेऊन आला होता. हे बघा, अजून फाइल आहे.” त्याने लगेच स्क्रीनवर स्वच्छ, रंगीत कार्ड उघडून दाखवलं.

“आणि कंपनीचे फॉर्म कोणी भरले?”

“पोरींनी त्यांचे त्यांनी भरले. इथेच बाकावर बसून. झेरॉक्सा मारल्या, पैसे दिले, गेल्या. मशीन त्याच चालवतात, मी कुठे बघत बसू? लाइन लागलेली असते.”

तिथून मॅडम मैदानावर गेल्या. हिलाल सर शिट्टी गळ्यात घालून उभे होते. मॅडमनी धुळ्याचं नाव काढलं मात्र, सरांचा चेहरा पडला.

“मॅडम, मी गठ्ठा नेऊन दिला हे खरं. उघडून पाहिला नाही. मला त्यातलं काय कळतं? मला बोनस लाइन कळते.”

“मोटारसायकल?”

“बायकोच्या भिशीची!” सर उसळले. मग एकदम नरमले. “मॅडम, दीपमाला माझी सगळ्यात भारी चढाईपटू आहे. तिच्या पायावर मी धोंडा घालीन का?”

त्यांनी तरातरा जाऊन कपाट उघडलं आणि एक पाकीट मॅडमच्या हातात ठेवलं. शिबिरासाठी घेतलेली दीपमालाची कागदपत्रं होती. आत पॅन कार्डाची एक कोरी झेरॉक्स होती, तिच्यावर एक ओळही लिहिलेली नव्हती. तेव्हा कारण लिहायची सवय पोरींना लागलेली नव्हती.

मॅडम ती झेरॉक्स हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सुकदेवकडे कोरी प्रत होती. सरांकडेही होती. ज्याच्याकडे कोरी प्रत आहे त्याला ओळ झाकायची गरजच काय? ओळ त्यालाच झाकावी लागते, ज्याच्या हाती एरंडोलची तेवढी एकच झेरॉक्स आहे.

“सर, स्पर्धेची कागदपत्रं कोण सांभाळतं?”

“कप्तान मैदानात असते, म्हणून फाइल उपकप्तानाकडे. पहिल्यापासून हीच पद्धत.”

 मॅडम बाजूच्या बाकावर बसल्या. शनिवारी लॅबमध्ये सहा जणींची सहा कारणं ऐकून आपण हसलो होतो, हे त्यांना आठवलं. त्या सहापैकी एकीनेही साइट उघडली नव्हती, आणि उघडणार तरी कशी होती?

४

बुधवारी मॅडमनी सातही जणींना लॅबमध्ये बसवलं आणि दार लावून घेतलं.

“दीपमाला सोडून कोणाकोणाकडे स्वतःचं पॅन कार्ड आहे? हात वर.”

एकही हात वर आला नाही.

हे बघायची मॅडमनी तयारी केली होती, तरी धक्का बसायचा तो बसलाच. सहा-सात महिने त्या या पोरींना टॅक्स शिकवत होत्या. कार्ड आहे का, एवढा साधा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. त्यांना स्वतःचाच राग आला.

“का नाही काढलं?”

भाविका रडायलाच लागली. “घरचे नाही म्हणतात, मॅडम. पोरीचं कार्ड लग्नानंतर. सासरचं नाव लागलं की परत काढावं लागतं, मग दोनदा खर्च कशाला?”

बाकीच्या माना हलल्या. सहा गावांतले सहा बाप, एकमेकांना ओळखत नव्हते, पण बोलणं सगळ्यांचं एकच होतं.

मॅडम डिंपलकडे वळल्या. डिंपल साक्री तालुक्यातली. अंगाने दणकट, बोलायला फटकळ, आज मात्र तिची नजर जमिनीवरून उठत नव्हती.

“डिंपल, एरंडोलची झेरॉक्स तुझ्या फाइलमध्ये होती. सहाही प्रतींवर पट्टी एकाच जागी आहे, म्हणजे एकाच बैठकीत निघाल्या. तू सांगतेस की मी सांगू?”

“मीच काढल्या.” डिंपल म्हणाली. “कार्ड नसेल तर वीस टक्के कापणार होते. प्रत्येकीचे पंधरा हजार जास्त जाणार. मी म्हटलं, स्पर्धेत कप्तानाचं कार्ड सगळ्यांना चालतं, इथेही चालेल. यांनी माझं ऐकलं, मॅडम. यांना खरंच तसं वाटलं.”

“आणि तुला?”



“मलाही वाटलं होतं. पण दीपीने लिहिलेली ओळ दिसली. ती झाकली तेव्हा कळलं होतं मला.”

 दीपमाला उठली. ती आता डिंपलच्या अंगावर जाते की काय, असं मॅडमना वाटलं. पण ती नुसती समोर जाऊन उभी राहिली.

“त्या पंधरा हजारांचं काय केलंस, डिंपल?”

“काही नाही. एटीएम आबांकडे असतं. शेतातल्या पाइपलाइनला गेले सगळे. माझ्या हातात एक रुपया नाही आला, दीपे. आमच्या कोणाच्याच नाही.”

 स्वतःच्या वाट्याला न आलेल्या पैशासाठी या सहा जणींनी दीपमालाचं नाव वापरलं होतं. मॅडमना तर रागवावं कोणावर तेच समजेना.

पण रागवायला वेळही नव्हता. मॅडमनी तेजसला फोन लावला. तो आता मऊ मेणासारखा झाला होता. सहाही जणींचे खरे पॅन नंबर गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्या, तो म्हणाला, मी दुरुस्तीचं विवरण भरतो आणि कंपनीचं पत्रही देतो, दीपमालाचे फक्त दीड लाख म्हणून.

“कार्ड काढायला किती दिवस लागतील, मॅडम?” भाविकाने विचारलं.

“आधारवरून दहा मिनिटं. फुकट. आणि लग्नानंतर नाव बदललं तर कार्ड नवं काढावं लागत नाही, नंबर तोच राहतो. दुरुस्ती होते, शंभर-सव्वाशे रुपयांत.”

सहाही पोरी मॅडमकडे बघत राहिल्या. दहा मिनिटं आणि फुकट!

अडचण एकच होती. आधारवरून कार्ड काढताना मोबाइलवर नंबर येतो, आणि सहाही जणींच्या आधारला मोबाइल बापाचा जोडलेला होता. मग लॅबमधून फोन सुरू झाले. विनवण्या झाल्या, रडारड झाली, एका बापाला हिलाल सरांनी दम दिला. संध्याकाळपर्यंत पाच कार्डं निघाली.

डिंपलच्या आबांनी, म्हणजे वडील रुपचंद नानांनी, लेकीचं अर्धं वाक्य ऐकून फोन ठेवला आणि बंद करून टाकला.

मॅडमनी आकडेमोड केली. पाच नोंदी उतरल्या तरी डिंपलचे दीड लाख दीपमालाच्या नावावर राहतातच. तिचे दीड, वडिलांचे बहात्तर हजार. तीन लाख बहात्तर हजार. अडीचच्या बाहेर.

“म्हणजे पाच काय आणि शून्य काय, सारखंच,” दीपमाला म्हणाली.

५

गुरुवारी साक्रीचा बाजार होता. रुपचंद नाना मिरचीच्या ढिगामागे बसले होते. समोर लेक, तिच्या मागे एक अनोळखी मुलगी आणि एक चष्मेवाल्या बाई बघून त्यांनी तराजू खाली ठेवला.

“कॉलेज सोडीसन आठे काय करी राहिनी तू?”

“आबा, मोबाइल चालू करा. त्यावर नंबर यी, तो मले पाहिजे.”

“परत तेच! तुले सांगं ना, लगीन व्हयनं का सासरना नावनं काढू. दोनदा कसाले?”

मॅडम पुढे झाल्या. “नाना, दोनदा काढावं लागत नाही. मी समजावून...”

“बाई, तुम्ही मास्तरीन शेत, मी मान देस. पन हाई आमना घरनं काम शे.”

शेजारचे दुकानदार कान देऊन ऐकू लागले होते. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि तेजसचं ऑफिस सहाला बंद होणार होतं.

तेव्हा डिंपल भर बाजारात मोठ्याने बोलली, “आबा, मी चोरी कयी.”

रुपचंद नानांच्या हातातली मिरची गळून पडली. “काय कयं?”

“हाई पोरना नंबर मन्हा कागदवर लिखा. मन्हा बठ्ठा पैसा तिन्हा नाववर चढना. उद्या तिन्हं कॉलेज बंद व्हई. तुमनी पाइपलाइन तिन्हा नाववर शे, आबा.”

नानांनी आजूबाजूला पाहिलं. आयुष्यात कोणाच्या बांधावरची काडी उचलली नव्हती त्यांनी, आणि बाजार ऐकत होता. त्यांनी पहिल्यांदा दीपमालाकडे नीट पाहिलं.

“तुना बाप काय करस, बेटा?”

“हमाली. बोदवडला.”

“तेन्ही काढी दिधं तुले कार्ड?”

“हो. मला अठरा पूर्ण झाले त्याच दिवशी. कामाचा खाडा करून घेऊन गेले.”

“आनि लगीन व्हयनं का मंग?”

“मीपण विचारलं होतं. बाबा म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. आज तर तू दीपमाला पितांबर तायडे आहेस ना.”

 रुपचंद नानांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, चालू केला आणि लेकीच्या हातात दिला. मग तोंड फिरवून गिऱ्हाइकाला मिरची मोजायला घेतली, पण वजन दोनदा चुकलं.

दहा मिनिटांत कार्ड निघालं. डिंपलने ते बघितलं, आपलं नाव वाचलं आणि तोंडावर ओढणी धरली. साडेपाचला तेजसचं पत्र मॅडमच्या मोबाइलवर आलं. दीपमाला पितांबर तायडे, मानधन फक्त दीड लाख. मॅडमनी ते तीनदा वाचलं. मग पहिल्यांदा त्यांना भूक लागल्याचं जाणवलं.

परतीच्या एसटीत तिघींना जागा मिळाली. डिंपल दीपमालाशेजारी बसली आणि खूप वेळाने म्हणाली, “दीपे, चुकलं माझं. उद्या अर्ज भरायला मी येते तुझ्याबरोबर.”

“ये,” दीपमाला म्हणाली. तिने उठून पुढची रिकामी सीट धरली आणि हिलाल सरांना फोन लावला.

“सर, काम झालं. हो, सहाही निघाली. सर, एक सांगायचं होतं. शनिवारच्या सामन्यात डिंपलला खेळवा, तिच्यासारखी पकड कोणाची नाही. पण बचावाच्या साखळीत तिला दुसऱ्या टोकाला ठेवा. तिचा हात मी धरणार नाही.”

सर तिकडून काही तरी समजावत होते. दीपमाला ऐकून घेत होती, पण हो म्हणत नव्हती. पुनम मॅडमनी मागे वळून पाहिलं. डिंपलला सगळं ऐकू गेलं होतं. तिने मान्य असल्यासारखी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं.